फ्रीवेवरची फुकट मदत: पैसे सगळ्यांनी का भरायचे?

पैनपै: कॅलिफोर्नियात फ्रीवेवर, म्हणजे सिग्नल नसलेल्या जलद महामार्गांवर, १९९१ पासून ‘फ्रीवे सर्व्हिस पॅट्रोल’ ही मदतीची गस्त चालू आहे. गर्दीच्या वेळी टो ट्रक ठरलेल्या टप्प्यात फेऱ्या मारतात. जंप स्टार्ट, चाक बदलणं, गॅलनभर पेट्रोल, सगळं फुकट. तरीही गाडी हलली नाही तर फ्रीवेबाहेर नेऊन सोडतात. मला हे पटत नाही. ज्याची गाडी, त्यानं ती धड ठेवावी. विमा आहे, ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेचं सभासदत्व आहे. लॉस एंजेलिसमध्ये यातला काही पैसा विक्रीकरातून येतो. म्हणजे रोज बसनं जाणारी बाई साबण घेताना माझ्या पंक्चरचे पैसे भरते!

मधली लेन: मदत बंद गाडीवाल्याला होते हे खरं, पण त्याहून जास्त त्याच्या मागे अडकलेल्यांना होते. तीनपैकी एक लेन अडली की रस्त्याची क्षमता तिसऱ्या हिश्शानं नाही, जवळजवळ निम्म्यानं घटते. लेन एक मिनिट अडली तर साधारण चार मिनिटं खोळंबा, असा तिथल्या वाहतूक खात्यांचा ठोकताळा आहे. त्या बाईची बसही त्याच रांगेत असते.

माझा अल्टरनेटर (गाडी चालताना बॅटरी चार्ज करणारा भाग) भर मधल्या लेनमध्ये गेला होता. हॅझर्ड लाइटसुद्धा मंद होत चालले होते, आणि आरशात प्रत्येक गाडी शेवटच्या क्षणी वळताना दिसत होती. ट्रकवाल्यानं मागे उभं राहून ‘न्यूट्रलला टाका’ म्हणून खुणावलं आणि बंपरनं हळूहळू ढकलत कडेला आणलं. विमा कंपनीचा माणूस फोनवर तोवर पॉलिसी नंबरच विचारत होता.

पैनपै: लेन अडली असेल तर मान्य. पण कितीतरी गाड्या आधीच शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर, असतात, तिथे क्षमता फारशी घटत नाही. शिवाय फायदा मोजतात कसा? हजारो लोकांची दोन-दोन मिनिटं जोडायची, तासाच्या दरानं गुणायची. ते डॉलर कुणाच्याच खिशात पडत नाहीत. ट्रकचं डिझेल आणि चालकाचा पगार मात्र रोख जातो.

स्टेपनी: शोल्डरवर रहदारीच्या बाजूचं चाक बदलून बघा. पाठीशी हातभर अंतरावरून ट्रक जातो. अशा जागी माणसं चिरडली जातात, म्हणून तर अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत ‘मूव्ह ओव्हर’ कायदा आहे: कडेला थांबलेल्या मदतीच्या गाड्यांसाठी लेन सोडा किंवा वेग कमी करा. मागे दिवे लावून गस्तीचा ट्रक उभा राहिला तर फरक पडतो. तो जीव तुमच्या हिशेबात कुठे धरलात?

पैनपै: धरला नव्हता, चूक माझी. मग अरुंद शोल्डरच्या, गर्दीच्या टप्प्यांवर ट्रक वाढवा. जिथे फेरीमागे फेरी रिकामी जाते तिथले काढा.