एकाच डोळ्याला दिसणारा भाग किती लांब आहे, हे कसं कळतं?

प्रश्न:
खोली, म्हणजे वस्तू किती लांब आहे ते, कळायला एकच बिंदू दोन्ही डोळ्यांत थोड्या वेगळ्या जागी उमटावा लागतो. पण समोर पुस्तक उभं धरलं, की त्याच्या दोन्ही कडांलगत भिंतीचा एकेक पट्टा एकाच डोळ्याला दिसतो. त्याला जोडीच नाही, मग तुलना कशाशी? तरी तो भिंतीवरच दिसतो, पुस्तकाला चिकटत नाही. आणि हा पट्टा असतो तरी किती रुंद?

उत्तर 1:
रुंदीचं गणित सोपं आहे: भिंत आणि पुस्तक यांच्यातलं अंतर भागिले पुस्तकाचं डोळ्यांपासूनचं अंतर, गुणिले दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर (सरासरी 63 मिमी धरा). पुस्तक 50 सेमीवर, भिंत 2 मीटरवर असेल तर सुमारे 19 सेमी. भिंत 1 मीटरवर आली की फक्त 6.3 सेमी.
पुस्तकाऐवजी 1 सेमी जाडीचं पेन धरा. 2 मीटरवरच्या भिंतीचा 4 सेमी भाग प्रत्येक डोळ्याला झाकला जातो, पण हे दोन भाग एकमेकांपासून 19 सेमी सरकलेले असतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना न दिसणारं असं काही उरतच नाही.

उत्तर 2:
मुख्य खूण बाजूची आहे. डाव्या कडेबाहेरचा पट्टा डाव्या डोळ्यालाच दिसतो, उजवीकडचा उजव्याला. डोकं न हलवता आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहा. नाकायामा आणि शिमोजो या दृष्टी-संशोधकांनी 1990 मध्ये दाखवलं, की एकाच डोळ्याला दाखवलेली रेघ योग्य बाजूला असेल तर ती मागे गेलेली दिसते, आणि कडेपासून दूर सरकवली तर एका मर्यादेपर्यंत आणखी मागे जाते. कारण दुसऱ्या डोळ्याला ती झाकली जायची, तर तिला किमान तेवढं मागे असावंच लागतं. चुकीच्या बाजूला ठेवलेल्या रेघेला अशी खोली मिळत नाही. म्हणजे जोडी नसणं हीच माहिती आहे! या प्रकाराला दा विंची स्टिरिऑप्सिस म्हणतात (स्टिरिऑप्सिस म्हणजे दोन डोळ्यांमुळे खोली कळणं).

उत्तर 3:
दोन कॅमेऱ्यांनी खोली मोजणाऱ्यांना हाच पट्टा छळतो. जोडी नसलेल्या पिक्सेललाही प्रोग्रॅम कुठली तरी जोडी लावतो आणि वस्तूची कड पसरट येते. म्हणून डाव्या चित्रावरून उजव्यात आणि उलट, अशी दोनदा जुळणी करा. दोन्ही जुळण्यांत फरक 1 पिक्सेलहून जास्त आला तर तो पिक्सेल रद्द करा. मोकळी जागा भरताना शेजारच्या दोन अंतरांपैकी लांबचं घ्या. सरासरी घेतली, तर हवेत तरंगणारा खोटा पृष्ठभाग तयार होतो.