‘साधन’, ‘स्रोत’ की ‘उपजीव्य’? शेक्सपिअरची रोमन नाटकं आणि प्लुटार्क

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’, ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ आणि ‘कोरिओलेनस’ या नाटकांमागे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहिलेली चरित्रं आहेत. मराठीत लिहिताना कुणी प्लुटार्कला या नाटकांचं ‘ऐतिहासिक साधन’ म्हणतं, कुणी ‘स्रोत’, कुणी ‘मूळ’, तर कुणी ‘संदर्भग्रंथ’. नेमका शब्द कोणता? की हे सगळे समानार्थी आहेत?

प्रतिसाद १ : समानार्थी नाहीत. ‘साधन’ हा इतिहासकाराचा शब्द आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मुळे तो मराठीत पक्का झाला. गतकाळात काय घडलं हे ज्यावरून ठरवायचं, ते साधन. नाटककाराला काय घडलं हे ठरवायचं नसतं, त्याला कथानक उभं करायचं असतं. ज्या ग्रंथातून तो ते घेतो त्याला आपल्या काव्यचर्चेत जुना शब्द आहे : उपजीव्य. ज्याच्यावर दुसऱ्याची उपजीविका चालते ते उपजीव्य, जगणारा तो उपजीवक. शाकुंतलाचं उपजीव्य महाभारतातलं शकुंतलोपाख्यान. दुर्वासाचा शाप तिथे नाही, म्हणून उपाख्यान उपजीव्य ठरायचं थांबत नाही.

‘संदर्भग्रंथ’ इथे चुकीचाच आहे. संदर्भ दिला जातो. शेक्सपिअरने कुठेही दिलेला नाही.

‘स्रोत’ चालेल, पण तो फार सैल शब्द आहे. उत्पन्नाचाही स्रोत असतो आणि पाण्याचाही. लिहिणारच असाल तर ‘स्रोत’ लिहा. ‘स्त्रोत’मधला त कुठून तरी ‘स्तोत्रा’तून घुसलेला आहे.

प्रतिसाद २ : वरचं मान्य, पण ‘प्लुटार्क हे उपजीव्य’ एवढं म्हणून भागत नाही. कोणता प्लुटार्क? मूळ ग्रीक ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याचं फ्रेंच भाषांतर झाक आम्योने १५५९ साली केलं. त्या फ्रेंचवरून टॉमस नॉर्थने १५७९ साली इंग्रजी केलं. शेक्सपिअरपुढे होता तो हा नॉर्थ, म्हणजे भाषांतराचं भाषांतर. म्हणून काटेकोर वाक्य असं होईल : ‘या नाटकांचं प्रमुख उपजीव्य नॉर्थचा प्लुटार्क होय.’

हे अंदाजाने म्हटलेलं नाही, चुकांवरून सिद्ध होतं. उपजीव्य ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे सामाईक चूक. खरी माहिती दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली असू शकते. एकच चूक दोघांना स्वतंत्रपणे सुचणं अवघड. सीझरने मृत्युपत्रात रोमच्या जनतेला आपल्या बागा दिल्या, त्या टायबर नदीच्या पलीकडे होत्या आणि प्लुटार्कच्या ग्रीकमध्येही ‘पलीकडे’ असंच आहे. आम्योने ‘अलीकडे’ केलं, नॉर्थने तेच उचललं आणि ‘ज्यूलियस सीझर’च्या तिसऱ्या अंकातल्या भाषणात अँटनीही बागा ‘टायबरच्या या काठाला’ आहेत असंच सांगतो. दुसरी खूण नावाची. सीझरच्या खुनाच्या कटातल्या डेसिमस ब्रूटसचा नाटकात ‘डेशियस’ झाला आहे, तोही याच भाषांतराच्या वाटेने.

तिसरी खूण रकमेची. अँटनी दर नागरिकाला ७५ द्राख्मा सांगतो. रोमन चरित्रकार स्वेतोनियस तीच देणगी ३०० सेस्टर्स (रोमन नाणी) अशी देतो. रक्कम एकच आहे, कारण द्राख्मा म्हणजे साधारण एक रोमन दिनार आणि दिनाराचे चार सेस्टर्स. पण ‘७५’ हा आकडा आणि ‘द्राख्मा’ हे ग्रीक नाणं प्लुटार्ककडचं. रोमच्या चौकात रोमन माणूस ग्रीक नाण्यात बोलतो, ते यामुळे. शिवाय स्वेतोनियस इंग्रजीत आला १६०६ साली, आणि ‘ज्यूलियस सीझर’ रंगभूमीवर होतं १५९९ मध्ये.

प्रतिसाद ३ : मग ‘बेतलेलं’ म्हणावं, ‘रूपांतर’ म्हणावं की ‘उसनं घेतलेलं’?

प्रतिसाद २ : प्रसंगाप्रमाणे. संपूर्ण नाटकासाठी ‘बेतलेलं’ बरोबर, कारण बेतणाऱ्याने कापड कापलेलं असतं. फिलिप्पीला इसवी सनापूर्वी ४२ मध्ये सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने दोन लढाया झाल्या. ‘ज्यूलियस सीझर’मध्ये त्या एकाच दिवशी उरकतात. सीझरची विजययात्रा इसवी सनापूर्वी ४५ च्या ऑक्टोबरमधली आणि लुपर्कालियाचा सण पुढच्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीचा. पहिल्या अंकात दोन्ही एकत्र येतात.

पण ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’त क्लिओपात्राच्या नौकेचं वर्णन आहे, तिथे ‘उसनं’ किंवा सरळ ‘उचललेलं’ म्हणायला हरकत नाही. सोन्याची वरांडी (नौकेचा मागचा उंच भाग), जांभळी शिडं, चांदीची वल्ही, बासरीच्या तालावर वल्हवणं हे सगळं नॉर्थच्या गद्यात त्याच क्रमाने आहे. शेक्सपिअरने भर घातली ती अशी : त्या शिडांच्या सुगंधाने वारा प्रेमाने झुरतो आणि वल्ह्यांच्या फटक्यांवर पाणी आसक्त होऊन मागे धावतं. मला त्याहूनही मोठी वाटते ती दुसरी करामत. प्लुटार्कमध्ये हे वर्णन चरित्रकार करतो. नाटकात ते एनोबार्बस या रांगड्या सैनिकाच्या तोंडी येतं. शब्द उसने, पण बोलणारा नवा, आणि त्या एका बदलाने क्लिओपात्राची मोहिनी सिद्ध होते. ‘उचललेलं’ हा शब्द वापराल तिथे हेही नोंदवा, नाहीतर वाचकाला नुसती नक्कल वाटेल.

प्रतिसाद ४ : ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे सीझरचे ‘ऐतिहासिक शेवटचे शब्द’ म्हणून मराठी लेखांत सर्रास येतं. प्लुटार्कमध्ये हे वाक्य नाही. तिथे ब्रूटसच्या हाती उपसलेलं शस्त्र पाहून सीझर डोक्यावरून वस्त्र ओढून घेतो आणि प्रतिकार सोडतो. स्वेतोनियस म्हणतो की सीझर केवळ कण्हला, काहींच्या मते मात्र तो ग्रीकमध्ये ‘तूसुद्धा, बाळा?’ म्हणाला. ‘ब्रूटस, तूसुद्धा?’ हे लॅटिन वाक्य ‘ज्यूलियस सीझर’च्या आधीच इंग्रजी नाटकात छापलेलं सापडतं. जखमांचंही तसंच. प्लुटार्क २३ सांगतो, नाटकात ऑक्टेव्हियस ३३ म्हणतो. अशा जागी ‘नाटकातलं’ हे विशेषण हवंच.

प्रतिसाद १ : म्हणूनच ‘साधन’ आणि ‘उपजीव्य’ वेगळे ठेवायचे. प्लुटार्क दोन्ही आहे, पण दोन वेगळ्या लोकांसाठी. रोमच्या इतिहासकारासाठी तो उत्तरकालीन साधन आहे : सीझरच्या खुनानंतर जवळजवळ ९० वर्षांनी जन्मलेला. त्या काळाचं समकालीन साधन हवं तर रोमन वक्ता सिसेरोची पत्रं. आणि अलेक्झांडरच्या चरित्राच्या आरंभी (त्याची जोडी सीझरच्या चरित्राशी आहे) प्लुटार्क स्वतःच सांगतो की मी इतिहास लिहीत नाही, चरित्रं लिहितो. एखादा किरकोळ शब्द किंवा विनोद माणसाचा स्वभाव मोठ्या लढाईपेक्षा जास्त दाखवतो. नाटककाराला हेच हवं होतं.

प्रतिसाद ५ : एकापेक्षा जास्त उपजीव्यं असतील तर ‘प्रमुख’ आणि ‘पूरक’ अशी जोडी वापरावी. ‘कोरिओलेनस’मध्ये याची गरज पडते. पोट आणि अवयवांची गोष्ट (अवयव पोटाविरुद्ध बंड करतात ती) प्लुटार्कमध्ये आहे, रोमन इतिहासकार लिव्हीतही आहे (फिलेमन हॉलंडचं इंग्रजी भाषांतर १६००), आणि इंग्रज इतिहासकार कॅम्डेनच्या १६०५च्या पुस्तकातही. ती कुठून किती आली हे वाक्यावाक्याने ताडावं लागतं. पण माणसांच्या नावांत संशय नाही. नाटकात कोरिओलेनसची आई व्हॉलम्निया आणि बायको व्हर्जिलिया, प्लुटार्कमध्येही तसंच. लिव्हीत आई व्हेटुरिया आहे आणि व्हॉलम्निया हे बायकोचं नाव. तेव्हा ‘कोरिओलेनस’पुरतं : प्रमुख उपजीव्य नॉर्थचा प्लुटार्क, पूरक लिव्ही. ‘टायटस अँड्रोनिकस’ला मात्र ही मोजपट्टी लावू नका. तो टायटस रोमच्या इतिहासात नाहीच.