पॉल नास्चीचे वेअरवुल्फ सिनेमे: सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारकर:
मंडळी, कोजागिरीला आमच्या गच्चीवर पडदा लावणार आहोत. पोळातला (म्हणजे आमच्या गल्लीतला) शरद पुनमचा गरबा आटपला की दूध-पौंवे आणि एक जुना स्पॅनिश भयपट, असा बेत आहे. पॉल नास्ची या स्पॅनिश नटाने वाल्देमार दानिन्स्की नावाचा वेअरवुल्फ, म्हणजे शापाने लांडगा होणारा माणूस, डझनभर सिनेमांत रंगवलाय. ते ओळीनेच बघायला हवेत का? आणि स्पॅनिश सिनेमाचा नायक पोलिश कसा?

रावपुऱ्याचा_रसिक:
ओळीचा नाद सोडा. दानिन्स्की एका सिनेमात मरतो आणि दुसऱ्यात शाप पुन्हा नव्याने लागतो. पोलिश झाला तो सेन्सॉरमुळे. तेव्हा स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती, स्पॅनिश माणूस लांडगा झालेला त्यांना चालेना. कथा नास्चीच लिहायचा, हासिन्तो मोलिना या खऱ्या नावाने.

तुम्ही 'ला नोचे दे वालपूर्गिस' (1971) लावा. दिग्दर्शक लेऑन क्लिमोव्स्की. दोन मुली एका काउंटेसचं थडगं शोधून काढतात, प्रेतातला चांदीचा क्रूस उपसतात, एकीला जखम होते आणि रक्त प्रेतावर ठिबकतं. तिथून पुढे व्हँपायर बायका धुक्यातून स्लो मोशनमध्ये येतात. पाय जमिनीला लागत नसावेत अशा! पॅटी शेपर्डची काउंटेस मी अजून विसरलेलो नाही. नास्ची मुळात वेटलिफ्टर, त्यामुळे त्याचा लांडगा अंगावर झेप घेतो तेव्हा वजन जाणवतं. पण मला तो आवडतो ते त्याच्या डोळ्यांतल्या दुःखासाठी. जिचं त्याच्यावर प्रेम आहे तिच्याच हातून त्याला सुटका मिळू शकते, आणि तो तीच मागत असतो. असा अगतिक राक्षस मला दुसरीकडे भेटला नाही.

अलकापुरी_७०एमएम:
माझं मत वेगळं. पहिला 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' (1968) आधी बघा. 70 एमएम आणि थ्रीडीसाठी चित्रित केलेला. लाल-हिरव्या प्रकाशातली ती तळघरं मोठ्या पडद्यावरच खुलतात.

दांडियाबाजारकर:
आई-काकूही बसणार आहेत. चालेल ना?

रावपुऱ्याचा_रसिक:
काकू, प्रत आधी तपासून मगच लावू द्या! त्या काळी बऱ्याच स्पॅनिश भयपटांची काही दृश्यं दोनदा घेत, देशात दाखवायला कपड्यांसकट आणि परदेशासाठी कपड्यांविना. 1968 चा शोधताना 'फ्रँकेन्स्टाइन्स ब्लडी टेरर' हे नावही टाका. अमेरिकेत तो त्याच नावाने लागला होता, फ्रँकेन्स्टाइन त्यात कुठेच नसताना.