शिकवणारे आणि तपासणारे एकच असतात तेव्हा: पुण्यातील खासगी विद्यापीठांचे अनुभव

पुण्यात पदवीचे शिक्षण आज तीन वेगवेगळ्या चौकटींत मिळते आणि प्रवेशाच्या धावपळीत त्यांतील फरक फारसा कोणी समजावून सांगत नाही. पहिली चौकट १९४९ मध्ये सुरू झालेल्या, आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांची आहे. दुसरी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम ३ नुसार विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या अभिमत विद्यापीठांची. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, भारती विद्यापीठ, सिम्बायोसिस ही त्यांतली परिचित नावे. तिसरी, राज्य विधिमंडळाने स्वतंत्र कायदे करून स्थापलेल्या खासगी विद्यापीठांची, जी मुख्यतः गेल्या दहा-बारा वर्षांत कोथरूड, कोंढवा, लोहगाव, लोणी काळभोर, लवळे अशा भागांत उभी राहिली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत एक गोष्ट सारखी आहे. अभ्यासक्रम ठरवणे, शिकवणे, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे आणि पदवी देणे ही सगळी कामे तिथे एकाच संस्थेकडे असतात. या धाग्यात अनुभव हवे आहेत ते त्याबद्दलच. वसतिगृहातले जेवण आणि पहिल्या नोकरीचे पॅकेज यांवर एरवी पुष्कळ बोलले जाते. विद्यार्थ्याचे रोजचे शिकणे या एकछत्री रचनेमुळे कसे बदलते, यावर मात्र कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. संस्थेचे नाव कोणीही लिहू नये, ही एकच अट आहे. माझी भाची यंदा बारावीला आहे, त्यामुळे माझी चौकशी अगदीच निःस्वार्थ नाही, हेही सांगून टाकते.

संगणक अभियांत्रिकी, तिसरे वर्ष. मूळ गाव बार्शी

माझा मोठा भाऊ संलग्न महाविद्यालयात शिकला. त्याच्या वेळी सत्राच्या मध्यावर ३० गुणांची इनसेम आणि शेवटी ७० गुणांची एंडसेम असे, आणि परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत अप्पा बळवंत चौकातून टेक्निकल किंवा निराली या प्रकाशनांची पुस्तके आणून, मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवून पास होता येई. तो मला प्रामाणिकपणे तोच सल्ला देत होता. मी पहिल्या वर्षी अप्पा बळवंत चौकात गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी विद्यापीठ विचारले, नंतर विषयाचे नाव विचारले आणि मग सरळ सांगितले की तुमच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक कोणी छापत नाही. त्याचे म्हणणे बरोबरच होते. हजारो विद्यार्थ्यांचा एकच अभ्यासक्रम असेल तर त्यावर पुस्तकांचा बाजार उभा राहतो. आमचा विषय आमच्याच इमारतीत ठरतो आणि पुढच्या वर्षी त्यात दोन प्रकरणे बदललेली असतात.

त्यामुळे अभ्यासाचा सारा भार वर्गातल्या नोट्स, सरांच्या स्लाइड्स आणि सीनियर मुलांनी जपून ठेवलेला ड्राइव्ह यांवर पडतो. सुरुवातीला हे अन्यायकारक वाटले. नंतर लक्षात आले की मूळ संदर्भग्रंथ उघडण्याची सवय मला लागली ती याच अडचणीमुळे. भावाने चार वर्षांत ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ ग्रंथ हातातही घेतला नव्हता.

गुणांचे गणितही वेगळे आहे. निम्म्याच्या आसपास गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात: क्विझ, असाइनमेंट, लॅबची तोंडी परीक्षा, मिनी प्रोजेक्ट, मिडसेम म्हणजे सत्रमध्य परीक्षा. एकही आठवडा मोकळा जात नाही. त्यात आमच्याकडे काही विषयांना सापेक्ष श्रेणी आहे, म्हणजे ८२ गुण मिळवूनही वर्गाची सरासरी चढी असेल तर बी प्लसवर समाधान मानावे लागते. याचा मैत्रीवर परिणाम होतो. भावाच्या गटात जो मुलगा सर्वांना शिकवी त्याचे काहीच बिघडत नसे. आमच्याकडे दुसऱ्याला शिकवणारा मुलगा स्वतःची श्रेणी खाली आणण्याची शक्यता पत्करून शिकवतो. असे शिकवणारे तरीही आहेत, आणि मी त्यांच्या जिवावरच गणिताचा विषय सोडवला.

संलग्न महाविद्यालयातून पदवी, खासगी विद्यापीठातून पदव्युत्तर

मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. पदवीला माझी उत्तरपत्रिका मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात जाई आणि ती कोणी तपासली हे मला कधीच कळत नसे. निकालाची वाट पाहण्यात पुढचे सत्र सुरू होऊन जाई, आणि शंका असल्यास शुल्क भरून छायाप्रत मागवावी लागे, मग पुनर्मूल्यांकन. पदव्युत्तर शिक्षणात मिडसेमची उत्तरपत्रिका दुसऱ्याच आठवड्यात हातात मिळाली आणि मॅडमनी प्रत्येकीला शेजारी बसवून कुठे गुण गेले ते दाखवले. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की मी सिद्धता लिहिताना एक पायरी नेहमी गाळते. पदवीच्या चार वर्षांत हे मला सांगणारे कोणी भेटले नव्हते.

परंतु अनोळखी परीक्षकाला माझ्याबद्दल काहीच मत नव्हते, ही त्याची मोठी सोय होती. ओळखीच्या परीक्षकाला मत असते. वर्गात सतत शंका विचारणाऱ्या एका मुलीला आमच्या एका विषयात अंतर्गत गुण इतके एकसारखे कमी पडत गेले की आम्ही सर्वांनी ते पाहिले, आणि बोललो मात्र कोणीच नाही, कारण पुढच्या सत्रात तेच सर प्रकल्पाचे मार्गदर्शक होते.

सहायक प्राध्यापक, खासगी विद्यापीठ

विद्यार्थ्यांच्या बाजूचे लिहून झाले. टेबलाच्या पलीकडचेही थोडे सांगतो. संलग्न महाविद्यालयांत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पॅटर्नने बदलतो: २०१२ चा, २०१५ चा, २०१९ चा, २०२४ चा. दोन पॅटर्नच्या मधे तुमच्या विषयात जग कितीही पुढे गेले तरी शिक्षकाला परीक्षेत येणारेच शिकवावे लागते. आमच्याकडे मी वसंत ऋतूत अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव ठेवला आणि जुलैत तो विषय शिकवायला उभा राहिलो. शिक्षक म्हणून यापेक्षा मोठे स्वातंत्र्य मला कुठे मिळाले असते, असे वाटत नाही.

त्या स्वातंत्र्याची किंमत कागदांत मोजावी लागते. प्रत्येक प्रश्न कोणत्या कोर्स आउटकमशी (विषयाच्या अपेक्षित निष्पत्तीशी) जुळतो, तो ब्लूमच्या वर्गीकरणात विचाराच्या कोणत्या पातळीवर आहे, सत्राअखेरीस सीओ-पीओ अटेनमेंट, म्हणजे विषयाच्या आणि पदवीच्या निष्पत्तींची पूर्तता, किती आले, याचे तक्ते नॅक आणि एनबीए या मूल्यांकन संस्थांसाठी भरून ठेवावे लागतात, आणि उत्तरपत्रिका बाहेरून कोणी तपासत नसल्यामुळे हे तक्ते हाच आमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा मानला जातो. शिवाय सत्राच्या शेवटी विद्यार्थी आमचे मूल्यमापन करतात. पेपर कठीण काढला की फीडबॅक घसरतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. त्यामुळे काही सहकारी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात "महत्त्वाचे प्रश्न" सांगून टाकतात. वरच्या ताईंनी आकसाने गुण कापणाऱ्या सरांबद्दल लिहिले ते खरे असेल, पण सढळ हाताने गुण वाटणाऱ्यांची संख्या माझ्या पाहण्यात कितीतरी अधिक आहे आणि त्याबद्दल तक्रार करायला कोणी येत नाही.

मे-जूनमध्ये काय चालते तेही लिहून ठेवतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी प्रवेशाच्या हंगामात प्राध्यापकांना बारावीच्या विद्यार्थ्यांच्या याद्या दिल्या जात आणि घरोघरी फोन करावे लागत. ज्या पालकांशी मी प्रवेशासाठी गोड बोललो, त्यांच्याच मुलाचे नाव नोव्हेंबरमध्ये ७५ टक्के हजेरी न भरल्याने डिफॉल्टर यादीत टाकायचे, ही अवघडलेली स्थिती संलग्न महाविद्यालयातल्या माझ्या मित्रांच्या वाट्याला सहसा येत नाही.

पालक, हडपसर

मी शुल्काबद्दल लिहितो, कारण शिक्षणाच्या या रचनेचा पहिला धक्का आम्हाला तिथेच बसला. आमचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी फी सुटेल असा हिशेब आम्ही घरात मांडला होता. ती योजना खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे (म्हणजे वरच्या तिसऱ्या चौकटीतली) वगळून आहे, हे ओळीच्या मध्ये कंसात लिहिलेले असते आणि कंसातले आपण वाचत नाही. जुलै २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क माफ करण्याचा शासन निर्णय निघाला, त्यातही हाच अपवाद आहे. म्हणजे तीच मुलगी, तेच उत्पन्न, तीच शाखा. संलग्न महाविद्यालयात सवलत आणि दोन किलोमीटरवरच्या खासगी विद्यापीठात पूर्ण शुल्क. कर्जाच्या बाबतीतही नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीवर बेतलेल्या यादीतील संस्थांपुरती आहे, तेव्हा आपली संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्यापूर्वी पाहावे.

दुसरी गोष्ट तारखांची. खासगी विद्यापीठे आपली स्वतःची किंवा पेरा सीईटीसारखी (खासगी विद्यापीठांची सामाईक) प्रवेश परीक्षा लवकर उरकून मे महिन्यातच जागा निश्चित करायला सांगतात, आणि राज्य सरकारच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतर पुष्कळ उशिरा सुरू होतात. हातातली जागा सोडवत नाही म्हणून पैसे भरले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळते, ज्यातून प्रक्रियेचे म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि मग काही नाही. आम्हाला कार्यालयाने "बुकिंगची रक्कम परत होत नाही" असे तोंडी सांगितले होते. सूचनेची प्रत जोडून लेखी अर्ज दिल्यावर ती परत झाली.

बी.ए., लिबरल आर्ट्स, दुसरे वर्ष. मूळ गाव सांगली

दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इथे वर्गात दिल्ली, इंदूर, कोलकात्याची मुले आहेत. वर्गाबाहेर हिंदी आणि वर्गात इंग्रजी चालते. पहिल्या सत्रात मला येत असलेली उत्तरेही मी दिली नाहीत. वर्गातल्या सहभागाला गुण होते, त्यामुळे गप्प राहणे थेट गुणपत्रिकेत उतरले. मग एका प्राध्यापकांनी मला तास सुरू होण्याआधी मुद्दे मराठीत लिहून आणायला सांगितले आणि चर्चेत मला पहिल्यांदा बोलायला देण्याचे ठरवले. असा बदल करायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, कारण विषय त्यांचा आणि मूल्यमापनही त्यांचे. एकाच माणसाच्या हाती सगळे असण्याचा मला फायदाच झाला.

तक्रार आहे ती नाटकाबद्दल. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी पावसाळ्यात रंगतात आणि संलग्न महाविद्यालयांतली मुले मध्यरात्रीपर्यंत तालमी करून दुसऱ्या दिवशी तासाला दांडी मारू शकतात. आमच्याकडे बायोमेट्रिक हजेरी आहे, ऑगस्टमध्ये मिडसेम आहे आणि नाटकासाठी मिळणाऱ्या हजेरीच्या सवलतीचा अर्ज चार सह्यांचा आहे. भरत नाट्य मंदिरात प्रेक्षकांत बसून मी इतरांच्या एकांकिका पाहिल्या. सत्राचे वेळापत्रक ठरवताना या शहराचेही एक वेळापत्रक असते, हे कोणाच्या लक्षात आले नसावे.

हडपसरच्या काकांच्या शेजारचीच, बी.डिझाइन

मेट्रोने वनाजपर्यंत येणे आता सोपे आहे. त्यापुढे पौड रस्त्यावर बस मिळाली तर साडेआठचा तास मिळतो, नाही तर हजेरी जाते. बाकी माझी काही तक्रार नाही, स्टुडिओ रात्री दहापर्यंत उघडा असतो.

*(मधेच एक नोंद. गुणांबाबत तक्रार करायची तर कोणाकडे, असे तिघांनी मला वेगळे विचारले होते. पुढचे उत्तर त्यासाठी मागवून घेतले आहे.)*

विधी शाखा, अंतिम वर्ष

आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यावर विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून असतो, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल हा निवृत्त कुलगुरू, निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो आणि संस्थेशी त्याचे हितसंबंध नसावेत अशी अट आहे. तपासणीतल्या चुकीबद्दल लोकपालाकडे जाता येते, पण निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाची ठोस घटना दाखवावी लागते. केवळ दोन गुण वाढवून हवेत म्हणून तो दरवाजा उघडत नाही. म्हणून अंतर्गत गुणांचे स्क्रीनशॉट, परत मिळालेल्या उत्तरपत्रिका आणि ईमेल जपून ठेवावेत. वर ज्या मुलीबद्दल लिहिले आहे, तिच्याकडे हे असते तर तिची बाजू मांडता आली असती.

माजी विद्यार्थिनी, हिंजवडीत नोकरी

शेवटचे पूर्ण सत्र इंटर्नशिपला मिळाले, त्याचे श्रेयांक (क्रेडिट) धरले गेले आणि त्याच कंपनीत नोकरी लागली. अभ्यासक्रम स्वतःच्या हाती असल्यामुळेच संस्थेला असे सत्र रिकामे करता आले, हे मान्य करायला हवे. परदेशी अर्जासाठी ट्रान्सक्रिप्टही आठवड्याच्या आत मिळाली.

अडचण आली ती नंतर, एका सरकारी भरतीच्या अर्जात. तिथे टक्केवारी विचारली होती आणि माझ्या गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची दहापैकी सरासरी श्रेणी, होता. प्रत्येक विद्यापीठाचे रूपांतराचे सूत्र वेगळे असते. कोणी थेट दहाने गुणते, कोणी आधी काही वजा करते. ७.१ सीजीपीएचे एका सूत्राने ७१ टक्के होतात आणि दुसऱ्याने ६५ च्या आसपास, आणि पात्रता नेमकी त्या मधल्या फटीत अडकते. परीक्षा विभागाकडून सूत्राचे शिक्का-सहीचे पत्र मिळते, पण ते मागावे लागते. शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेबरोबरच ते आणि मायग्रेशन प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे अर्जाच्या अंतिम तारखेला कोथरूडच्या खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही.