हिशेब मांडून पाऊल टाकणे हा अविश्वास आहे का?

प्रश्न : चिकोडी तालुक्यातील एक शिक्षिका

सर्वांना जय ख्रिस्त. मी एका विनाअनुदानित शाळेत ११ वर्षे शिकवीत आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की आमच्या गावाबाहेर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. आईबाप अंधारातच कोयते घेऊन फडावर जातात आणि मुले मागे राहतात. गावातील सरकारी शाळा कन्नड माध्यमाची असल्यामुळे, केवळ मराठी जाणणारी ही मुले तिच्या फाटकापर्यंतही जात नाहीत. गेल्या जानेवारीत त्या वस्तीवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी भेटली. तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता आणि गावाकडून आणलेले तिसरीचे पुस्तक तिने मला दाखवले. सहाव्या धड्याचे पान दुमडलेले होते. टोळी निघाली, त्या दिवसापर्यंत वर्गात तेवढेच शिकवून झाले होते.

नोकरी सोडून हंगामभर या मुलांना शिकवावे, हा विचार तेव्हापासून माझ्या प्रार्थनेतून जात नाही. मात्र घरात माझा पगार हेच दरमहाचे एकमेव निश्चित उत्पन्न आहे. यजमानांचा दोन एकर ऊस आहे, पण त्याचे बिल कधी हाती पडेल ते सांगता येत नाही, आणि सोसायटीचे हप्ते तर थांबत नाहीत. मी वहीत वर्षभराचा हिशेब मांडला. पैसे सातव्या महिन्यात संपतात. महिलांच्या प्रार्थनासभेत हे सांगितले, तेव्हा एक वयोवृद्ध भगिनी म्हणाल्या, “वही काढलीस तिथेच तुझा विश्वास थिटा पडला. प्रभूकडे पाण्यावरून चालत जायला पेत्र नावेतून उतरला, तेव्हा त्याने पाण्याची खोली मोजली नव्हती.” ते शब्द मनाला लागले आहेत. राजीनामा द्यायचा तर मे महिन्यापूर्वी कळवावे लागेल. माझे विचारणे दोन गोष्टींचे आहे. हिशेब मांडणे हा खरोखर अविश्वास आहे काय? आणि हे देवाचे पाचारण आहे, माझ्या मनाची केवळ हळहळ नाही, हे मी कशावरून ओळखावे?

उत्तर : निवृत्त पाळक, बेळगाव

भगिनी, आपण बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय सावकाश वाचावा, कारण आपल्या दोन्ही प्रश्नांना तो एकाच व्यवहारातून उत्तर देतो. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, संदेष्टा स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी चुलत्याचा मुलगा हनामेल येऊन अनाथोथ येथील शेत विकत घे म्हणतो. यिर्मयाने १७ शेकेल रुपे दिले. शत्रूच्या ताब्यात जाणाऱ्या मुलखात जमिनीला रुपे मोजणे, याहून मोठी अनिश्चितता कोणती असेल?

पण त्याने ते कसे दिले ते पाहा. रुपे तराजूत तोलले, खरेदीखत लिहिले, त्यावर मुद्रा केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि मुद्रित व उघडी अशी दोन्ही खते आपला लेखक बारूख याच्या हाती देऊन, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितली. हा पुरुष विश्वासात थिटा होता असे कोणी म्हणू शकेल काय? आपल्याकडे उताऱ्यावर नाव चढेपर्यंत माणूस जितका जागरूक असतो, तितकाच तोही होता. त्याचा विश्वास दिसतो तो त्या वेळी ते शेत घेण्यात. तराजू आणि साक्षीदार त्या विश्वासाच्या आड आले नाहीत.

पाचारणाविषयी त्याच अध्यायात एक लहानसे वाक्य आहे, त्याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. हनामेल येणार हे देवाने आधी कळवले होते. परंतु तो प्रत्यक्ष आला, तेव्हा हे परमेश्वराचे वचन आहे हे आपण जाणले, असे यिर्मया लिहितो. आतील आवाज आणि बाहेरची घटना एकमेकींना भेटेपर्यंत संदेष्ट्यानेही वाट पाहिली. आपल्या बाबतीत हनामेल कोणत्या रूपाने येईल, ते मी सांगू शकत नाही. कदाचित तो टोळी आणणाऱ्या एखाद्या मुकादमाच्या होकारातून येईल.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार धीर देते. खत पूर्ण झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि त्या प्रार्थनेत तो गोंधळलेलाच आहे: नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चालले आहे, आणि तू मला शेत घे म्हणतोस. आज्ञा पाळून झाल्यावरही त्याला प्रश्न पडतो आणि देव त्यासाठी त्याच्यावर रागावत नाही. तेव्हा शंका मिटल्यावरच पाऊल टाकीन, असे आपण ठरवू नये. त्या वृद्ध भगिनींच्या म्हणण्याविषयी एवढेच सांगतो, की पेत्र उतरला तो प्रभूने ‘ये’ म्हटल्यानंतर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतानाने सुचवले, तेव्हा त्याच प्रभूने नकार दिला होता. दोन्ही ठिकाणी पायाखाली आधार नव्हता. फरक होता तो बोलावणाऱ्याचा.

उत्तर : खानापूरकर

पाळकसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी माझी हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. मी उद्यमबागेतील एका कारखान्यात टर्नर होतो. नऊ वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या एका सभेनंतर माझे मन इतके पेटले, की आठवड्याच्या आत मी नोकरी सोडली आणि आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलातल्या वाड्यांवर वचन घेऊन फिरू लागलो. पत्नीला मी राजीनामा दिल्यानंतर सांगितले. पावसाळ्यात त्या वाटा बंद होतात, हे खानापुरात जन्म काढलेल्या मला ठाऊक असूनही मी त्याचा विचार केला नाही. पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि १४ महिन्यांनी मी कमी पगारावर पुन्हा लेथवर उभा राहिलो. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला आजही जड जाते. माझी घाई हाच माझा विश्वास, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

परंतु माझ्या या फजितीचा आधार घेऊन कोणी घरी बसू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हिशेबाची वही कधीच पुरी होत नाही. तिच्यात दर महिन्याला एक नवीन रकाना वाढतो. कृष्णाकाठी राहणाऱ्या आपल्याला २०१९ चा पूर आठवत असेल. इस्राएल लोक ओलांडायला आले तेव्हा यार्देन नदीही अशीच कापणीच्या दिवसांत दुथडी भरून वाहत होती, आणि देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याला लागले तेव्हाच पाणी थांबले. मात्र त्यापूर्वी लोकांनी तीन दिवस काठावर मुक्काम केला होता. मी तो मुक्काम गाळला. आपण तो करीत आहात. फक्त तेथेच घर बांधू नये. आणि यजमानांना सोबत घेऊनच पाण्यात उतरावे.

उत्तर : निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपण विसरू नये. १८८७ मध्ये बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी स्थापन झालेल्या मंडळाने १० वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर काय, हा हिशेब बाईंनी आधीच केला आणि बागाईतीच्या उत्पन्नावर काम चालावे म्हणून केडगावला जमीन घेतली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या, तेव्हा त्या मुलींना आसरा मिळाला तो याच जमिनीवर. इतक्या मुलींना रोज काय खाऊ घालायचे, याचे उत्तर त्या निघाल्या तेव्हा त्यांच्याजवळ नव्हते.

आता व्यवहाराचे. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी साखरशाळा चालल्या आहेत, तेव्हा ही कल्पना नवीन नाही, आणि तिच्या अडचणीही माहितीच्या आहेत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले आईबाप फड सोडून येऊ शकत नाहीत, म्हणून मोठी मुलगी तान्ह्याला सांभाळते. आपण तान्ह्याची सोय केली नाही, तर ती मुलगी पाटीजवळ येणारच नाही. म्हणून एक शिक्षिका पुरणार नाही. पाळणा हलविणारी आणखी एक बाई हवी. आपल्या महिलामंडळातील ज्या भगिनींनी पेत्राची आठवण दिली, त्यांनाच हे काम विचारून पाहावे, असे मी मनापासून सुचवते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. काल रात्री यजमानांसह यिर्मयाचा तो अध्याय वाचला. ‘तराजूत रुपे तोलून दिले’ या ओळीवर ते थांबले आणि त्यांनी स्वतःच वही मागून घेतली. आमचे असे ठरले, की मेमध्ये राजीनामा न देता जूनपासून पगारातील काही रक्कम बाजूला टाकायची. दसऱ्यानंतर टोळी आली, की दोघांनी मिळून मुकादमाला भेटायचे. त्याने वस्तीवर जागा दिली, तर मी नाताळपर्यंत शाळा सुटल्यावर रोज दोन तास तेथे बसेन आणि मग जानेवारीत नोकरी सोडेन, मग वहीत त्या दिवशी कितीही महिन्यांचे पैसे असोत.

त्या वृद्ध भगिनींकडे आज सकाळी गेले होते. त्यांनी ऐकून घेतले आणि माळ्यावरचा त्यांच्या नातवंडांचा पाळणा उतरवायला मुलाला सांगितले. ती मुलगी याच गावी परत येईल की टोळी दुसऱ्या कारखान्याकडे जाईल, हे मला ठाऊक नाही. तिसरीचे ते पुस्तक मात्र मी आणून ठेवले आहे.