गौरी आणि त्यांचं बदलतं वेळापत्रक

प्रश्न असा आहे की गौरी गणपतीनंतर दरवर्षी नेमक्या त्याच अंतराने का येत नाहीत. गणपती बसतो भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, म्हणजे तिथीवर. गौरी चालतात नक्षत्रावर: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळवर विसर्जन. तिथी-नक्षत्रांची सांगड दरवर्षी सारखी बसत नाही, म्हणून हा फरक.

"मुखवट्यांच्याच गौरी खऱ्या" हे काहींचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. अनेक कोकणस्थ घरांत पाणवठ्यावरून आणलेले खडे पुजतात, कुठे तेरड्याची रोपं, तर विदर्भ-मराठवाड्यात साडी नेसवलेल्या उभ्या महालक्ष्म्या. यातलं खोटं काय ठरवणार?

नैवेद्याचंही तेच. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि बऱ्याच घरी सोळा भाज्या (त्या निवडणाऱ्या हातांबद्दल कुणीच लिहीत नाही!). काही घरांत गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, आणि तेव्हा शेजारच्या गणपतीपुढे पडदा ओढतात. एका मखरात दोन वेगळे आहार सांभाळणारी ही व्यवस्था मला तरी फार शहाणपणाची वाटते. कोकणातल्या नव्या सुनेच्या ओवशाबद्दल (गौरीपुढे सुपात वाण ठेवून पूजण्याची रीत) कुणी जाणकाराने सविस्तर लिहावं.