आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

प्रेषक: माई, ब्रुकफील्ड
विषय: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाची यादी चालू असताना मध्येच हा विषय घुसवतेय, रागावू नका. सप्टेंबरात आम्ही दोघं आयर्लंडला जाऊन आलो. डब्लिन, कॉर्क आणि मग केरी, असे बारा दिवस. समुद्र पाहिला, कडे पाहिले, पाऊस तर रोजच पाहिला. पण परत आल्यापासून डोक्यातून जात नाहीये तो सकाळच्या न्याहारीचा ब्राउन ब्रेड. गडद, खरबरीत, सुरी लावली की कडेने थोडा भुगा पडणारा, आणि त्यावर खारं पिवळं लोणी इतकं जाड की दातांची खूण उमटावी.

इथे अमेरिकेत, मिलवॉकीत, चार दुकानं पालथी घातली. ‘आयरिश सोडा ब्रेड’ अशी चिठ्ठी लावलेली वस्तू एका ठिकाणी मिळाली, ती पांढरी, गोड, वर बेदाणे आणि शहाजिऱ्यासारखं काहीतरी पेरलेलं. तिकडेही बेदाणेवाला असतो, त्याला ते ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात, पण तो चार वाजताच्या चहाबरोबरचा लाड. रोजच्या ताटात बसतो तो ब्राउन.

शिवाय बॅरीज चहा आणि आमच्या ह्यांच्यासाठी टेटोचे चीज-कांदा वेफर्स कुठे दिसले तर कळवा.

जाता जाता एक इशारा. तिकडच्या न्याहारीत ‘व्हाइट पुडिंग’ आलं तर ते पुडिंग नव्हे! मी खिरीच्या भावानं घास घेतला, ओट्स लागले, मिरी लागली, म्हटलं तिखट सांजा दिसतोय. दुसरी चकती मागितल्यावर घरमालकीणबाईंनी कौतुकानं सांगितलं की डुकराचं मांस आणि चरबी असते त्यात. काळ्या पुडिंगात रक्तही असतं. नशीब, त्या दिवशी चतुर्थी नव्हती.

माई

---

प्रेषक: वॉवाटोसाचा भाचा
विषय: रि: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

मावशी, टेटो ऑनलाइन मिळतात, पण पोचवण्याचा खर्च वेफर्सपेक्षा जास्त आणि हातात पडतो तो चुरा. मी मागवून पस्तावलोय. काकांना सांग, दह्यावर घालून खा. तसा मान मोठा आहे त्या पाकिटाचा: बनवतानाच चव लावलेले वेफर्स 1954 साली डब्लिनमध्ये टेटोनंच पहिल्यांदा काढले, त्याआधी पाकिटात मिठाची पुडी असायची.

थांबायची तयारी असेल तर ऑगस्टमध्ये तळ्याकाठी आयरिश फेस्ट असतो. तिथे चहा, वेफर्स, बिस्किटं घेऊन बसलेले सापडतात.

---

प्रेषक: आप्पा, वॉकेशा
विषय: रि: रि: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

माई,

लोण्याबद्दल लिहिलंत म्हणून जुनी गोष्ट सांगतो. आज कॉस्टकोत केरीगोल्ड या आयरिश लोण्याचे गठ्ठे रचलेले दिसतात, पण आपल्या विस्कॉन्सिनात ते काही वर्षांपूर्वीपर्यंत बेकायदा होतं. 1953चा कायदा आहे: लोण्यावर राज्याची किंवा केंद्राची प्रतवारीची खूण नसेल तर ते इथे विकता येत नाही. त्याला दंड तर होताच, कैदेचीही तरतूद होती. आयर्लंडहून आलेल्या लोण्यावर ती खूण कुठून असणार? 2017 साली लोक कोर्टात गेले, आणि त्या वर्षाच्या शेवटी खूण लागून माल दुकानात परत आला.

मधल्या काळात आम्ही काय केलं? शिकागोला डेव्हॉन अव्हेन्यूवर किराण्याला जायचोच. तूरडाळ, पोहे, गूळ, आणि येताना इलिनॉयच्या दुकानातून चार वड्या केरीगोल्ड. राज्याची सीमा ओलांडताना आमची ही वड्यांवर कढीपत्त्याची पिशवी ठेवायची, जणू पोलीस डिकी उघडून बघणार आहेत. माझी पहिली घरमालकीण हसून सांगायची की तिच्या तरुणपणी हीच वाट मार्जरीनसाठी होती, कारण पिवळं मार्जरीन या राज्यात 1967पर्यंत विकायला बंदी. दुधाचं राज्य म्हटल्यावर असं व्हायचंच.

त्या लोण्याचा पिवळा रंग मात्र खरा आहे. गाई बाहेर गवतावर चरतात, गवतातलं कॅरोटीन लोण्यात उतरतं. आपल्याकडे म्हशीचं लोणी पांढरं का, तर म्हैस ते पोटातच मुरवून टाकते.

चहाचं म्हणाल तर बॅरीजच्या मिश्रणात केनिया, रुआंडा आणि आसाम. तुमच्या डब्यात जी दाणेदार सीटीसी चहापत्ती आहे तिची चुलत बहीण. उकळू नका, किटलीत पाच मिनिटं मुरू द्या, दूध मागाहून. झाला आयरिश चहा.

आप्पा

---

प्रेषक: मेक्वॉनची वहिनी
विषय: रि: रि: रि: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

माई, शोधत कशाला बसता? तुमच्या फ्रिजमध्ये ताक आहे ना?

आयर्लंडची हवा ओलसर, त्यामुळे तिथला गहू मऊ, चिवटपणा कमी. यीस्ट घातलं तर नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा हाती आला आणि त्यांचं काम झालं. ताकातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू सुटतो, ब्रेड हलका होतो. आपला ढोकळा वेगळं काय करतो? घरोघरी भट्ट्या नव्हत्याच, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विस्तवावर बिडाचं झाकणाचं भांडं, आणि झाकणावरही निखारे. हे वाचलं तेव्हा मला सासूबाईंचं भानोलं आठवलं. आम्ही सीकेपी, आमच्याकडे वर-खाली विस्तव काही नवा नाही.

आता खरी गोम. इकडच्या दुकानातलं ‘बटरमिल्क’ म्हणजे बहुतेक वेळा विरजण लावलेलं स्निग्धांश काढलेलं दूध. ते घुसळलेलंच नसतं. आयरिश बायका आंबवलेली साय घुसळायच्या आणि खाली उरायचं ते त्यांचं बटरमिल्क. मी तुपासाठी दर रविवारी हेवी क्रीमला चमचाभर दही लावते, रात्रभर ठेवते, सकाळी मिक्सरमध्ये फिरवून लोणी काढते. उरतं ते तेच!

प्रमाण: जाडं गव्हाचं पीठ 225 ग्रॅम, मैदा 225 ग्रॅम, मीठ एक चमचा, सोडा एक सपाट चमचा, ताक साधारण 400 मिलि. आपली चक्कीची कणीक घेऊ नका, ती कडक गव्हाची आणि बारीक, पोळीला उत्तम पण ब्रेड चामड्यासारखा होतो. होल व्हीट पेस्ट्री फ्लार, म्हणजे मऊ गव्हाचं पीठ, घ्या, त्यात दोन मुठी गव्हाचा कोंडा. सोडा चाळून घाला. मळायचं नाही, हात पंजासारखा ठेवून फक्त गोळा करायचा. वर सुरीनं फुली. 450 फॅरनहाइटवर पंधरा मिनिटं, मग 400वर आणखी वीस. पालथा करून टकटक केलं की पोकळ आवाज यायला हवा.

---

प्रेषक: माई, ब्रुकफील्ड
विषय: रि: रि: रि: रि: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

वहिनी, पहिला फसला. सोडा चाळायचा आळस केला, मोडल्यावर आत हिरवट-पिवळे ठिपके आणि साबणाचा वास. ह्यांनी न बोलता खाल्ला, त्यावरूनच कळलं.

दुसरा काल केला. दुकानातलं बटरमिल्क वापरलं तर रंग आला, भुगाही पडला, पण चव सपक. कॉर्कला लोण्याचं संग्रहालय आहे, शॅन्डनला. एके काळी तिथला बाजार जगातला सगळ्यात मोठा लोणीबाजार होता. आत दलदलीत पुरून ठेवलेलं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं लोणी आहे, काळपट, मेणासारखं. त्याच्या शेजारी लाकडी घुसळणी. तिकडे समज असा की कुणाच्या घरी घुसळण चालू असताना पाहुणा आला तर त्यानं दोन हात मारायचेच, नाहीतर लोणी त्याच्याबरोबर निघून जातं. ते वाचून मी ह्यांना म्हटलं, आमच्या आईनं रवी हातात दिली तेव्हा तुम्ही पेपर वाचत बसला होता, आठवतंय का?

तर आता घुसळलेलंच ताक हवं. वहिनी, तुमचं रविवारचं किती उरतं? आप्पा, तुमच्याकडेही तूप घरीच कढतं ना? फराळाच्या बैठकीला येताना बरणीभर आणा. फार आंबट झालं असलं तर बरंच.

माई

---

प्रेषक: आप्पा, वॉकेशा
विषय: रि: रि: रि: रि: रि: आयरिश ब्राउन ब्रेड इकडे कुठे मिळतो?

आमच्याकडचं ताक आजवर तुळशीला जात होतं असं आत्ता चौकशीअंती समजलं. दोन लिटर आणतो. लोणी मात्र मागू नका.